मोज्यातली गुंडी : निर्जंतुक विभागातलं एक प्रकरण

हे प्रकरण लिहायला संबंधित बाईंनी परवानगी दिली आहे. नाव बदललं आहे, आणखीही दोन-तीन खुणा पुसल्या आहेत. वस्तू मात्र खरी ठेवली, कारण ती बदलली की प्रकरणच बदलतं. मोठी, जड, खडखडणारी वस्तू असती तर ती पहिल्याच दिवशी सापडली असती.

पार्श्वभूमी

वृंदा औषधाच्या कारखान्यात इंजेक्शनच्या व्हायल (काचेच्या छोट्या बाटल्या) भरण्याच्या लाइनवर ऑपरेटर. वय चौतिशीचं, नोकरी सहा वर्षांची. हात हलका, बोलणं कमी, रजा क्वचित. मी तिथे बाहेरून जाणारी समुपदेशक. ठरलेल्या दिवशी एका लहान खोलीत बसायचं, ज्याला बोलायचं असेल त्याने यायचं, अशी व्यवस्था.

ज्यांनी असा विभाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोलीच्या स्वभावावर उभं आहे. व्हायल जिथे उघडी असते त्या पट्ट्याला ग्रेड ए म्हणतात. तिथल्या एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० च्या वर गेले तर चालत नाही. खोलीत सर्वांत जास्त घाण कोण आणतं, तर माणूस. म्हणून माणसाला गुंडाळतात, याला गाऊनिंग म्हणतात : आतले कपडे आणि मोजे कारखान्याचे, वर अखंड सूट, टोपडं, मास्क, गॉगल, बूट, हातमोज्यांचे दोन थर. घड्याळ नको, दागिना नको, मेकअप नको, मोबाइल नको. युरोपीय संघाच्या निर्जंतुक औषधांसाठीच्या नियमावलीत (अॅनेक्स १, २०२२ ची सुधारित आवृत्ती) हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि निर्जंतुक औषधं बनवणाऱ्या कारखान्यांत अशा अर्थाचा नियम असतोच. वृंदा एकदा म्हणाली होती, ‘गाऊनिंग झालं की आरशात मी कुठली हे मलाच कळत नाही, मॅडम.’ तेव्हा मी हसले होते.

दुसरी गोष्ट मीडिया फिलची. आपली प्रक्रिया खरोखर निर्जंतुक राहते का, हे तपासायला औषधाऐवजी जंतूंना वाढायला आवडेल असा द्रव व्हायलमध्ये भरतात. सगळं नेहमीसारखं करायचं : लाइन अडली की सोडवायची, पडलेली व्हायल चिमट्याने उचलायची. मग त्या व्हायल किमान १४ दिवस उबेत ठेवायच्या आणि बघायचं की कुठली गढूळ होते. अशी चाचणी ५,००० ते १०,००० व्हायलची असेल आणि त्यात एक जरी गढूळ निघाली तरी चौकशी लागते. प्रत्येक ऑपरेटरला वर्षातून निदान एकदा या चाचणीत उभं राहावं लागतं.

म्हणजे काम आज करायचं, आणि आपण चुकलो का ते कळणार दोन आठवड्यांनी. तेही ‘तू चुकलीस’ असं नाही, ‘कुणीतरी चुकलं’ असं. हा अवकाश लक्षात ठेवावा.

काय घडलं

एका संध्याकाळी शिफ्ट सुटताना, चेंज रूममध्ये मोजे काढताना, वृंदाच्या मोज्यातून काहीतरी स्टीलच्या बाकावर टक् करून पडलं. शर्टाची गुंडी. चार भोकांची, फिकट पिवळट, नखाएवढी. शेजारच्या सहकारी बाईने पाहिलं. तिने तोंड मिटून घेतलं असतं तरी कुणी तिला दोष दिला नसता, पण तिने सुपरवायझरला सांगितलं. माझ्या मते तिने बरोबर केलं, आणि वृंदानेही तिच्यावर कधी राग धरला नाही.

पुढचं पुस्तकाप्रमाणे झालं. डेव्हिएशन (ठरलेल्या प्रक्रियेपासून ढळणं) नोंदवलं गेलं, त्या दिवशीची बॅच अडकवून ठेवली, वृंदाला निर्जंतुक विभागात जायला बंदी, तात्पुरती बदली व्हायल डोळ्यांनी तपासणाऱ्या विभागात. गुंडी प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होऊन तिच्यावर नंबराचं लेबल लागलं.

मेमो घेताना वृंदा रडली नाही. पिशवी बघून रडली. सुपरवायझर जुना माणूस, तो चपापला. त्याने मला फोन केला : ‘मॅडम, बटणासाठी कुणी एवढं रडत नाही. काहीतरी आहे.’

माझी पहिली चूक

मलाही तेच वाटलं, आणि तिथेच मी घसरले. जुनी गुंडी, अंगाशी लपवलेली, हिरावल्यावर रडू. माझ्या डोक्यात लगेच गेलेलं माणूस उभं राहिलं. आईची असेल, आजीची असेल. मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ च्या निबंधात लहान मुलांच्या चिंध्या-बाहुल्यांबद्दल जे मांडलं (आईपासून सुटं होताना मूल अर्धं स्वतःचं, अर्धं बाहेरचं असं काहीतरी कवटाळतं) तेच मी इथे शोधत बसले. दोन बैठका मी तिला ‘ही गुंडी कोणाची आठवण देते?’ असं वेगवेगळ्या वाटांनी विचारत होते. ती सभ्यपणे उत्तरं देत होती. आईवडील दोघेही हयात, ठणठणीत.

दुसरी बैठक संपता संपता ती म्हणाली, ‘मॅडम, ती कोणाचीच नाही हो. माझ्याच शर्टाची आहे.’

मग खरी गोष्ट आली. तीन वर्षांपूर्वी एका मीडिया फिलमध्ये दोन व्हायल गढूळ निघाल्या होत्या. लाइनवर जेवढे होते त्या सगळ्यांची चौकशी झाली. कॅमेऱ्याचं चित्रीकरण सर्वांसमोर पुन्हा पुन्हा लावलं. एका ठिकाणी वृंदा लाइनवर जरा जास्त वाकलेली दिसत होती. तेवढंच चित्र कुणीतरी थांबवून ठेवलं आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी कारण दुसरीकडेच लागलं, एका जोडणीत. पण ते थांबवलेलं चित्र तिच्या डोक्यातून गेलं नाही.

अशा अपयशानंतर ओळीने तीन चाचण्या यशस्वी करून दाखवाव्या लागतात. पहिलीच्या सकाळी लॉकररूममध्ये तिच्या घरच्या शर्टाची गुंडी तुटून हातात आली. उशीर झालेला. कुठे ठेवावी कळेना, मुठीत धरूनच ती आत गेली आणि कारखान्याचे मोजे चढवताना गुंडी मोज्यात सारली. १४ दिवसांनी निकाल स्वच्छ. दुसऱ्या वेळी तिने ती मुद्दाम सारली. स्वच्छ. तिसऱ्या वेळी न सारण्याची हिंमतच झाली नाही. तेही स्वच्छ.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक अंतराने, ती काहीही करोत, दाणे दिले. आठपैकी सहा कबुतरांनी दाणे पडण्याच्या वेळी आपण जे करत होतो तेच करायचा घाट घातला : एक गोल फिरायला लागलं, एक मान कोपऱ्यात खुपसायला लागलं. ओळीने तीन यशस्वी चाचण्या, प्रत्येक वेळी गुंडी मोज्यात. नियमावलीने नकळत वृंदासाठी अगदी तोच पिंजरा बांधला होता. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं हसली. ‘म्हणजे मी कबुतर.’ मग थोडं थांबून, ‘पण कबुतराला डेव्हिएशन लागत नाही.’

शकुनाची की सोबतीची?

एवढ्यावर प्रकरण सोपं वाटतं : योगायोगाने चिकटलेला शकुन आहे, समजावून सांगा, सुटेल. पण समजून तर तिला आधीपासून होतं. गुंडीमुळे जंतू मरत नाहीत हे व्हायल भरणाऱ्या बाईला मी काय सांगणार.

मी विचारलं, ‘तो शर्ट आहे अजून?’ होता. ‘त्याला तशाच पाच गुंड्या असतील. त्यातली एखादी चालेल?’ तिने टेबलावरचा हात झटक्यात मागे घेतला. उत्तर द्यायच्या आधीच.

हा प्रश्न मी हवेतून काढला नव्हता. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुलांना हुबेहूब प्रत काढणारं म्हणून एक यंत्र दाखवलं होतं. इतर खेळण्यांच्या बाबतीत मुलांना प्रत चालत होती. ज्या वस्तूला बिलगून झोपायचं तिच्या बाबतीत बहुतेकांना आपलीच हवी होती, आणि काहींनी तर ती यंत्रात घालायलाच नकार दिला. शकुन बदलता येतो, सोबत बदलता येत नाही, असं मी त्यावरून कामापुरतं ठरवलं आहे. काटेकोर सिद्धांत म्हणून कुणी घेऊ नये, पण खोलीत बसलेल्या माणसाशी बोलताना उपयोगी पडतो.

आणखी एक प्रश्न फार आधी विचारायला हवा होता : आत गेल्यावर तू त्या गुंडीचं नेमकं करतेस काय? उत्तर असं की, लाइन अडली आणि हात घालायची वेळ आली की ती पायाच्या अंगठ्याने गुंडी दाबायची. एकदा, जोरात. मग हात घालायची. सुरुवात शकुन म्हणून झाली. तीन वर्षांत ती शरीराची खूण झाली होती. ज्या खोलीत अंगावर स्वतःचं असं काहीच उरत नाही, तिथे एक नखाएवढी जागा तिची होती.

तीन वर्षं

इथे माझ्या लक्षात आलं आणि पोटात खड्डा पडला. कारखाना एका दिवसाच्या चुकीची चौकशी करत होता. मला आता माहीत होतं की ही चूक जवळजवळ प्रत्येक शिफ्टची आहे, तीन वर्षांची. तिने चौकशीत ‘त्या दिवशी राहून गेली’ असं सांगितलं होतं.

समुपदेशनातलं बोलणं बाहेर जात नाही, असं मी पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगते. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर हा अपवाद, हेही सांगते. पण धोका म्हणजे नेमका किती? गुंडी मोज्यात, मोजा बुटात, बूट सुटाखाली. ती व्हायलच्या वाऱ्यालाही गेलेली नव्हती. प्रत्येक बॅचची निर्जंतुकतेची चाचणी झालेली. पण मोठ्या बॅचमधून त्या चाचणीला साधारण २० व्हायल जातात. हजारोंतल्या २०. प्रक्रिया नीट पाळली गेली हाच खरा पुरावा असतो, आणि प्रक्रियेतच भोक होतं. घरून आलेली, कधी न धुतलेली वस्तू तिने हाताने मोज्यात घातली, त्याच हातांनी पुढचे कपडे चढवले. हात मध्ये जंतुनाशकाने पुसले जातात, तरीही. शेवटी त्या व्हायल कुणाच्या तरी शिरेत जाणार होत्या. धोका किती हे ठरवायची पात्रता माझी नव्हती. म्हणून गप्प बसण्याचा अधिकारही माझा नव्हता.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. स्वतः जाऊन सांगणं. तिला सांगायला लावणं. किंवा ‘धोका नगण्य’ असं मनाशी म्हणून विषय मिटवणं. तिसरी वाट त्या क्षणी किती मोहाची होती हे कबूल करते.

मी तिला सरळ म्हटलं, ‘हे माझ्यापाशी राहू शकत नाही. तू सांगितलंस तर उत्तम, मी सोबत येते. दोन दिवसांत नाही सांगितलंस तर मी सांगणार, आणि तुला आधी कळवून सांगणार.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘नोकरी जाईल.’ जाणार नाही असं वचन मी देऊ शकत नव्हते, दिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सुपरवायझरला गाठलं. मला बोलावलं नाही. नंतर तिने सांगितलं ते असं : ‘सर, त्या दिवशीचं नाही. रोजचं आहे.’ त्यावर सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘बसा. पाणी घ्या. आता तारखांपासून सांगा.’

तीन वर्षांच्या नोंदी काढल्या गेल्या : हवेतले जंतू, पृष्ठभागांचे नमुने, तिच्या हातमोज्यांचे आणि सुटाचे जंतू तपासायला प्रत्येक वेळी घेतलेले ठसे, सगळ्या मीडिया फिल. तिच्याशी जोडता येईल असं मर्यादेबाहेरचं काही निघालं नाही. क्यूएने (गुणवत्ता हमी विभागाने) कारणांसह ‘धोका कमी’ असा निष्कर्ष लिहिला. शून्य असं लिहिलं नाही.

कोणते पर्याय चर्चेत होते

क्यूएप्रमुखांचं म्हणणं लेखी ताकीद, पुन्हा प्रशिक्षण, विषय बंद. ‘आज बटण, उद्या काय?’ हे वाक्य त्यांनी तीनदा उच्चारलं. मनुष्यबळ विभागाला कायमची बदली सोपी वाटत होती. माझा बदलीला विरोध होता. तिचं कसब वाया जाईल म्हणून तर होताच. शिवाय गुंडीशिवाय आपण आत उभं राहू शकत नाही, हा तिचा समज बदलीने शिक्कामोर्तब होऊन कायम झाला असता.

सुपरवायझरने अर्धवट गंमतीत सुचवलं की गुंडी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवावी आणि जाऊ द्यावी आत. क्यूएप्रमुख उसळले : जिला नंबर नाही, नोंद नाही, कामात जागा नाही अशी वस्तू निर्जंतुक असली तरी आत येत नाही. माझं कारण वेगळं होतं. कंपनीने गुंडीला प्रमाणपत्र दिलं असतं, तर तिची ताकद अधिकृत झाली असती.

याच बैठकीत क्यूएप्रमुखांनी मला विचारलं, ‘अशा वस्तूंनी खरंच काही होतं का?’ प्रश्न प्रामाणिक होता. २०१० मध्ये लायसन डामिश आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास फार गाजला. त्यात ‘हा चेंडू नशीबवान ठरला आहे’ असं सांगून गोल्फचा चेंडू दिलेल्यांनी दहापैकी सरासरी ६.४२ फटके साधले, इतरांनी ४.७५. आपली लकी वस्तू जवळ असलेल्यांना स्मरणशक्तीचे खेळही जास्त जमले. पण गट लहान होते. २०१४ मध्ये कॅलिन-जेगमन आणि काल्डवेल यांनी गोल्फचा तोच प्रयोग बऱ्याच जास्त लोकांवर पुन्हा केला तेव्हा फरक दिसला नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की, ‘होतं’ म्हणायला पुरावा कच्चा आहे. मात्र वस्तू काढून घेतली तर सवय झालेल्या माणसाचं काय होतं, तो प्रश्न वेगळा आहे आणि आपल्यापुढे तोच आहे. ते मान हलवत खिशातलं जुनं, टोपण चेपलेलं पेन काढून टिपणं घेऊ लागले. ऑडिटच्या दिवशी सही याच पेनने, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. मी पेनाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. पिशवीतली गुंडी तीन आठवड्यांनी परत मिळाली ती त्यांच्याच शेऱ्याने : ‘छायाचित्र पुरेसे. वस्तू मालकास परत.’

प्रत्यक्षात काय केलं

ठरलं ते असं : ताकीद राहील, बदली होणार नाही, गाऊनिंगची पात्रता नव्याने सिद्ध करावी लागेल आणि त्याआधी सहा आठवडे प्रशिक्षणाच्या खोलीत, रिकाम्या व्हायलवर सराव. गुंडी लॉकरपर्यंत येईल, पुढे नाही.

गुंडी घरीच ठेव, टाकून दे, असं मी कधीच सांगितलं नाही. याबद्दल आमच्या व्यवसायात दोन मतं आहेत. भीतीच्या प्रसंगी माणूस जे जे बचावाचे उपाय करतो त्यामुळेच भीती जिवंत राहते, हे पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये मांडलं : वाईट घडलं नाही याचं श्रेय उपायाला जातं, आणि उपायाशिवायही घडलं नसतं हे कळायची संधीच मिळत नाही. उलट २००८ मध्ये रॅकमन, रॅडोम्स्की आणि शाफ्रान यांनी म्हटलं की उपचाराच्या सुरुवातीला, जपून, असा आधार वापरू दिला तर माणूस निदान दारापर्यंत येतो. मी दुसऱ्या मताकडे झुकते, पण आधाराला तारीख असावी लागते.

सरावात आधी गुंडी टेबलावर, मग पर्समध्ये, मग दूर लॉकरमध्ये. प्रत्येक वेळी वृंदा आधी लिहायची : काय होईल असं वाटतं. ‘हात थरथरेल, चिमटा सुटेल, तीन तरी व्हायल पडतील.’ मग काम. मग लिहायचं : काय झालं. हात खरोखर थरथरायचा. पहिली आठ-दहा मिनिटं. मग थांबायचा. पडलेल्या व्हायल : पहिल्या दिवशी एक, नंतर बहुतेक दिवशी नाही. तिच्याच अक्षरातल्या दोन रकान्यांनी जे केलं ते माझ्या कबुतरांनी केलं नव्हतं.

अंगठ्याचं काय करायचं, यावर मी अडले होते. उत्तर तिनेच शोधलं. ‘गुंडी नसली तरी अंगठा आहेच ना.’ हात घालण्याआधी ती अंगठा बुटाच्या तळाशी दाबते, श्वास सोडते, मग हळू हात घालते. निर्जंतुक पट्ट्यात हालचाल तशीही संथच लागते, वरून सरळ वाहणारी हवा फाटू नये म्हणून. म्हणजे तिची जुनी खूण आणि कामाची शिस्त एकाच दिशेला होत्या.

पुन्हा अडलं ते आकड्यावर

पाचव्या आठवड्यात सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, ताई स्प्रे फार मारायला लागल्यात.’ हातमोज्यांवर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वरचेवर मारायचंच असतं. वृंदा दुपटीने मारत होती, आणि प्रत्येक वेळी सातपर्यंत मोजून हात चोळत होती.

मी विचारलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. ‘आकडा मोज्यात ठेवावा लागत नाही,’ ती म्हणाली. ‘कुणाला सापडतही नाही.’

हे मला आधी दिसायला हवं होतं. गुंडीचं घर रिकामं केलं, भाडेकरू शेजारी राहायला गेला. आणि आकडा गुंडीपेक्षा वाईट, कारण त्याला मर्यादा नाही : सात पुरेनासे झाले की चौदा. शिवाय ही सवय स्वच्छतेचा वेष घालून आलेली. जास्त स्प्रे मारणाऱ्या ऑपरेटरला कोण रागावणार? सराव तीन आठवडे वाढवला. स्प्रे फक्त प्रक्रियेत लिहिलेल्या वेळी, मोजणं बंद, आणि मोजावंसं वाटलं तर तसं वाटू देत पुढचं काम करायचं. ते तीन आठवडे पहिल्या सहांपेक्षा जड गेले. एकदा ती अर्ध्यावर उठून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली.

पुढे काय झालं

गाऊनिंगचे तिन्ही प्रयत्न ठशांसकट पास झाले. पाचव्या महिन्यात मीडिया फिल. १४ दिवस. एकही व्हायल गढूळ नाही.

सुपरवायझरने आनंदाने फोन केला : ‘बघा, तुमची पद्धत लागू पडली!’ मी त्याला आवरलं. एक चाचणी पास झाली यावरून माझ्या पद्धतीबद्दल काही कळत नाही. हाच तर्क करून तीन वर्षांपूर्वी गुंडी मोज्यात गेली होती. मी तपासते ते वेगळं : त्या १४ दिवसांत ती कशी होती? म्हणाली, झोप पहिल्या चार रात्री खराब, नंतर ठीक. गेल्या वेळी पंधराव्या दिवसापर्यंत खराब होती.

एक जास्तीची गोष्ट घडली. गाऊनिंगच्या प्रशिक्षणात आता विचारलं जातं, ‘सोबत काही आणता का? एका महिन्यात सांगितलंत तर कारवाई नाही.’ पहिल्याच महिन्यात चार जण पुढे आले. केसातली पिन, घडी घालून घालून मऊ झालेली चिठ्ठी, मुलाचा दुधाचा दात, आणि एक जण ज्याला काय आणतो ते सांगायचं नव्हतं पण यापुढे आणणार नाही एवढं सांगायचं होतं. त्यांच्यासाठी लॉकरमध्ये झाकणाची लहान डबी दिली आहे.

आज हेच प्रकरण आलं तर

पहिल्या भेटीत ‘कोणाची’ असं विचारणार नाही. ‘तिचं काय करतेस’ असं विचारेन. दोन बैठका वाचतील, आणि तीन वर्षांची गोष्टही लवकर कळेल.

दोन दिवसांची मुदत अजून टोचते. तिने स्वतः सांगितल्यामुळे पुढचं सगळं शक्य झालं असं मला वाटतं. पण त्या दोन दिवसांत बॅच बाहेर जात होत्या. एका सहकाऱ्याच्या मते मी त्याच तासाला तिच्यासोबत खाली उतरायला हवं होतं. आता मलाही तसंच वाटतं. सोबत म्हणजे सोबतच, तिच्या मागे नाही.

आकड्याची शक्यता पहिल्या दिवशीच तिच्यापुढे मांडेन : ही जागा रिकामी राहणार नाही, दुसरं काही येऊन बसेल, बसलं की सांग.

आणि सर्वांत मोठी गोष्ट माझ्या हातात नव्हतीच. तीन वर्षांपूर्वी त्या दोन व्हायल गढूळ निघाल्या, कारण जोडणीत सापडलं, अहवाल बंद झाला. पण थांबवलेल्या चित्रातल्या बाईला ‘ते तू नव्हतीस’ असं कुणी समोर बसून सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअँड बेटांवर पाहिलं होतं की शांत खाजणात मासेमारी करणारे मंत्रतंत्राच्या वाटेला जात नाहीत. खुल्या समुद्रात जाणारेच ते करतात. वृंदाची लाइन खाजणासारखीच होती, मोजलेली, नोंदलेली. त्या न सांगितलेल्या वाक्याने ती समुद्रात ढकलली गेली. चौकशी संपली की प्रत्येक ऑपरेटरला निष्कर्ष समोरासमोर सांगायचा, हे आता कार्यपद्धतीत घातलं आहे. चार ओळींचा बदल आहे.

आठ महिन्यांनी वृंदा सहज डोकावली. मधे लॉकर बदलले होते, सगळ्यांना दुसऱ्या भिंतीला हलवलं होतं. मी विचारलं, गुंडी?

‘डबीत आहे,’ ती म्हणाली. मग जरा आठवून, ‘बहुतेक.’

मी म्हटलं, जाऊन बघतेस का? तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शिफ्टला सात मिनिटं होती, आणि गाऊनिंगला घाई चालत नाही.